आद्य-तुर्किक नामे आणि त्यांच्या विभक्ती : तक्त्यातील प्रत्येक ओळ सारखीच जुनी नसते

प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्कृत रूपावली पाठ करून भाषाविज्ञानाकडे वळलेल्या एका विद्यार्थिनीने आद्य-तुर्किक, म्हणजे सगळ्या तुर्किक भाषांची अनुमानाने उभी केलेली मूळ भाषा, तिच्या नामांचा तक्ता पाहिला. त्यात ‘घोडा’ या अर्थाच्या *अत् या शब्दाची आठ-नऊ रूपे, प्रत्येकापुढे तारा (*), म्हणजे ‘हे रूप लिहिलेले सापडलेले नाही, पुनर्रचित आहे’ अशी खूण लावून, ‘रामः रामौ रामाः’च्या थाटात एकाखाली एक मांडली होती. ज्या भाषेतील एक अक्षरही कोणी लिहून ठेवलेले नाही, तिची इतकी नीटनेटकी रूपावली आली कुठून, आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, असे तिने विचारले आहे.

तक्ता खोटा नाही. पण तो फसवा आहे, कारण त्यातील सगळ्या ओळी एकाच वयाच्या आणि एकाच वजनाच्या वाटतात. आजीच्या लग्नातले तांब्याचे पातेले आणि मागच्या दिवाळीत घेतलेला स्टीलचा डबा एकाच फळीवर शेजारी शेजारी असावेत, तसा तो प्रकार आहे. त्यामुळे ‘तक्ता विश्वासार्ह आहे का’ असे न विचारता ‘ही ओळ कोणाच्या साक्षीवर उभी आहे’ असे प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावे लागते. मी स्वतः हे उशिरा शिकलो. माझ्या पहिल्या टिपणवहीत पंचमीचा ‘-दान’ हा प्रत्यय आद्य-तुर्किकचा म्हणून ठळक अक्षरांत लिहिलेला आहे, आणि तो तिथे का नसावा हे पुढे येईलच.

आधी लेखनाविषयी दोन शब्द. तुर्कस्तानच्या भाषेला मी ‘तुर्की’ म्हणतो आणि कझाक, उझबेक, उइगुर, साखा म्हणजे याकुत, चुवाश इत्यादींसह सगळ्या कुळाला ‘तुर्किक’. या भाषांतील आठ-नऊ स्वर देवनागरीत पुरते मावत नाहीत. ‘ओ’ आणि ‘उ’ यांचे ओठ गोल करून पण जीभ पुढे ठेवून उच्चारलेले जोडीदार मी साध्या ‘ओ’, ‘उ’नेच दाखवतो. घशाजवळचे ‘क’ आणि ‘ग’ मात्र ‘क़’, ‘ग़’ असे लिहितो. प्रत्ययाच्या शेवटी दिसणारा ‘आ’ ही लेखनाची सोय आहे, तो दीर्घ समजू नये. स्वरमेळामुळे प्रत्येक प्रत्ययाची निदान दोन रूपे असतात, शब्दातील स्वर मागचे असतील तर ‘-दा’ आणि पुढचे असतील तर ‘-दे’. मी दर वेळी दोन्ही लिहिणार नाही.

आता साक्षीदार. सर्वांत जुना लेखी पुरावा मंगोलियातील ओर्खोन नदीच्या खोऱ्यातला. तुर्क राजपुत्र क्युल तेगिनचा शिलास्तंभ 732 सालचा, त्याचा भाऊ बिल्गे क़ग़ान (क़ग़ान म्हणजे सम्राट) याचा 735 सालचा. त्यांचा मंत्री तोन्युक़ुक़ याचा लेख त्यांच्याही थोडा आधीचा असून तो आजच्या उलानबातरजवळ आहे. ही लिपी डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसेन यांनी 1893 साली उलगडली आणि तुर्किकच्या इतिहासाला एकदम बाराशे वर्षांची खोली आली. परंतु ओर्खोनची भाषा म्हणजे आद्य-तुर्किक नव्हे. संस्कृत ही युरोपातील भाषांची आई नसून मावशी आहे हे आपल्याकडे जितक्या वेळा सांगावे लागते, तितक्याच वेळा हेही सांगावे लागते. ओर्खोनचे लेख कोरले गेले तेव्हा कुळाच्या दोन शाखा केव्हाच फुटल्या होत्या. एकीतून ओर्खोन, तुर्की, कझाक, उइगुर, साखा अशा जवळजवळ सगळ्या भाषा निघाल्या. हिला सामान्य-तुर्किक म्हणतात. दुसरी ओग़ुर किंवा बुल्गार शाखा. तिची आज जिवंत असलेली एकच लेक म्हणजे व्होल्गाकाठची चुवाश.

म्हणून हिशेब असा आहे की तीस भाषा एका बाजूला एकमुखाने काही सांगत असल्या, तरी तो एकाच शाखेचा पुरावा असतो. त्याला चुवाशचा दुजोरा मिळाला तरच तो शब्द किंवा प्रत्यय आद्य-तुर्किकपर्यंत निर्धास्तपणे नेता येतो. संख्याबळ येथे उपयोगाचे नाही. चुवाश एकटी असली तरी तिचे मत निम्मे आहे.

नामांच्या मूळ रूपांबाबत हा पुरावा आश्चर्य वाटावे इतका चांगला आहे. तुर्कीत ‘अत्’ म्हणजे घोडा आणि ‘अद्’ म्हणजे नाव. शेवटी स्वर नसला की तुर्की माणूस पूर्वी दोन्ही ‘अत्’च उच्चारी; पण द्वितीयेत ‘अति’ (घोड्याला) आणि ‘अदि’ (नावाला) असा फरक उमटतो. हा ‘द’ कुठून आला? तुर्कमेन भाषेत घोडा ‘अत्’ आहे आणि नाव ‘आत्’, म्हणजे स्वर दीर्घ. सैबेरियातल्या साखा भाषेतही नेमके असेच, आणि ती तर दोन ‘अ’ लिहून दीर्घता दाखवते. चुवाशमध्ये घोडा ‘उत्’, नाव ‘यात्’, म्हणजे दोन शब्दांचे स्वर दोन वेगळ्या वाटांनी गेले. आता जोडी दुसरी घ्या. ‘गवत’ आणि ‘अग्नी’ यांना तुर्कीत ‘ओत्’ आणि (आता जुनाट झालेला) ‘ओद्’, साखात ‘ओत्’ आणि ‘उओत्’, चुवाशमध्ये ‘उता’सारखा उच्चारला जाणारा शब्द आणि ‘वुत्’. तुर्कीतला ‘द’, तुर्कमेनची दीर्घता, साखातला जोडस्वर आणि चुवाशमधला आगंतुक ‘य’ किंवा ‘व’, हे चौघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत आणि तरी एकाच शब्दांवर बोट ठेवतात. *अत् आणि *आत्, *ओत् आणि *ओऽत् असा ऱ्हस्व-दीर्घ भेद मूळ भाषेत होता, यावर त्यानंतर शंका घेण्याचे कारण उरत नाही.

दुसरी प्रसिद्ध जुळणी ‘र’ आणि ‘ज़’ची. मुलगी तुर्कीत ‘किज़’, चुवाशमध्ये ‘हेर’. बैल ‘ओकुज़’ आणि ‘वकर’. हिवाळा ‘किश’ आणि ‘हेल’. दगड ‘ताश’ आणि ‘चुल’. तुर्कीतल्या काही ‘ज़’ना चुवाशमध्ये ‘र’ आणि काही ‘श’ना ‘ल’ भेटतो. साधे ‘र’ आणि ‘ल’ मात्र दोन्हीकडे तसेच राहतात, म्हणून मूळ भाषेत दुसऱ्या कोणत्या तरी जातीचा ‘र’ व ‘ल’ होता असे मानून त्यांना र-2 आणि ल-2 म्हणण्याची पद्धत आहे. मूळ उच्चार ‘र’सारखा होता की ‘ज़’सारखा, यावर शंभर वर्षे वाद चालला आहे. माझा कल ‘र’कडे आहे. मंगोल भाषेत जुळ्यांना ‘इकेरे’ म्हणतात आणि तुर्कीत ‘इकिज़’. हंगेरियनमध्ये बैल ‘ओकोर’, समुद्र ‘तेङ्गेर’ (तुर्कीत ‘देनिज़’), जुळे ‘इकेर’. हंगेरियन लोक नवव्या शतकाच्या अखेरीस आजच्या मुलखात उतरले आणि हे शब्द त्यांनी त्याआधी पूर्वेकडील गवताळ प्रदेशात ओग़ुर बोलणाऱ्यांकडून घेतले. त्यामुळे ‘र’ हा चुवाशने परवा केलेला बदल नाही, एवढे तरी निश्चित. नियमाला ठेच लावणारे शब्दही आहेत: डोळा तुर्कीत ‘गोज़’ आणि पाहणे ‘गोर-’, म्हणजे चुवाशमध्ये डोळ्याला ‘र’ अपेक्षित; पण तेथे ‘कुश्य’सारखा भलताच शब्द भेटतो. असे अपवाद वहीच्या समासात जपून ठेवावेत.

आता विभक्तींकडे. मराठी माणसाला पहिली सुखद गोष्ट ही की तुर्किकमध्ये सामान्यरूप नाही. आपण ‘घोडा’चा ‘घोड्या-’ केल्याशिवाय ‘ला’ लावू शकत नाही; तिथे नाम जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय मागे येऊन बसतो. प्रथमेला प्रत्ययच नाही. या शून्याविषयी कोणत्याही शाखेत मतभेद नाही, आणि म्हणून तक्त्यातील पहिली ओळ सर्वांत भक्कम आहे.

द्वितीयेची ओळ मला सर्वांत शिकवून जाणारी वाटते, म्हणून तिथे थोडे रेंगाळतो. क्युल तेगिनच्या स्तंभाच्या पूर्व बाजूवर बार्स बेग नावाच्या प्रमुखाविषयी हे शब्द आहेत: ‘बार्स बेग एर्ती, क़ग़ान आत् बुन्ता बिज़ बिर्तिमिज़, सिङ्लिम क़ुन्चुयुग़ बिर्तिमिज़.’ म्हणजे, ‘तो बार्स बेग होता, क़ग़ान ही पदवी त्याला येथे आम्ही दिली, माझी धाकटी बहीण, राजकन्या, त्याला दिली.’ क्रियापद एकच आहे, ‘बिर्तिमिज़’, आम्ही दिले. कर्मे दोन आहेत. त्यातले ‘आत्’, म्हणजे आपला वर आलेला नाव किंवा पदवी हा शब्द, कोणताही प्रत्यय न लावता उभा आहे. ‘क़ुन्चुय’ला, म्हणजे राजकन्येला, ‘-उग़’ लागला आहे. पदवी कोणतीही असती तरी चालले असते; बहीण मात्र ही एकच, ओळखीची, ठरलेली. आजच्या तुर्कीतही ‘किताप ओकुदुम’ म्हणजे पुस्तक-वाचन केले आणि ‘किताबि ओकुदुम’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचले. तेराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर तोच भेद कोरलेला आहे. गंमत अशी की मराठीत या वाक्याचा अनुवाद करताना हा भेद हातातून निसटतो, कारण आपण ‘त्याला पदवी दिली’ आणि ‘त्याला बहीण दिली’ असेच म्हणणार. ‘ला’ घेणाऱ्याच्या वाट्याला गेलेला असल्यामुळे बहिणीला तो देता येत नाही. ‘बहिणीला पाहिले’ असे वाक्य असते तर आपलाही प्रत्यय जागा झाला असता.

याच वाक्यातला ‘सिङ्लिम’मधील ‘-इम’ म्हणजे ‘माझा, माझी’. ‘बेग’ला हाच प्रत्यय लागून झालेला ‘बेगम’ फारसीच्या वाटेने आपल्या बोलण्यात आला. त्या स्तंभावरच्या ‘इल’ म्हणजे राज्य या शब्दाला ‘-ची’ लागून बनलेला ‘एलची’ही जुन्या मराठी लेखनात राजदूत या अर्थाने भेटतो, आणि तो ‘-ची’ आपण ‘तोफची’, ‘तबलची’ यांत अजून वापरतो.

तर द्वितीयेचा प्रत्यय ‘*-ग़’, व्यंजनानंतर मध्ये एक स्वर घेऊन. तुर्कीत आज नुसता ‘-इ’ ऐकू येतो, कारण तुर्कीने शब्दान्तीचा ग़ टाकून दिला: ‘उलुग़’ (मोठा) चा ‘उलु’ झाला, तसाच ‘एबिग’ (घराला) चा ‘एवि’. उझबेक आणि कझाक यांचा ‘-नि’ मात्र वेगळ्या घरचा आहे. तो ‘मेनि’ (मला), ‘अनि’ (त्याला) अशा सर्वनामांवरून नामांवर पसरला. आणि चुवाश? तिथे द्वितीया आणि चतुर्थी एकच झाल्या आहेत, दोन्हींना ‘-आ’ किंवा ‘-ना’. ज्यांच्या भाषेत ‘मुलाला पाहिले’ आणि ‘मुलाला दिले’ यांत एकच ‘ला’ राबतो, त्यांना यात नवल वाटू नये. पण परिणाम असा की ‘*-ग़’ला चुवाशची स्वतंत्र साक्ष मिळत नाही. हा प्रत्यय मी मूळ भाषेला देतो, पण पेन्सिलने.

चतुर्थीचा ‘*-का’ शाईने लिहावा. ओर्खोनमध्ये ‘-क़ा’, कझाकमध्ये ‘-ग़ा’ किंवा ‘-क़ा’, तुर्कीत ग़ गळून ‘-आ’, चुवाशमध्येही ‘-आ’, आणि इराणच्या मध्यभागी बोलल्या जाणाऱ्या ख़लज भाषेत अजून ‘-का’. खटकते ते एकाच ठिकाणी: कझाकमध्ये ‘घराला’ म्हणजे ‘उयगे’, पण ‘माझ्या घराला’ म्हणजे ‘उयिमे’, येथे ग़चा मागमूस नाही, आणि शिलालेखांतही ‘माझा’, ‘तुझा’ या प्रत्ययांनंतर नुसता ‘-आ’ येतो. कोणी म्हणतात की क तिथे गळाला, कोणी म्हणतात की मुळात चतुर्थीचा प्रत्यय ‘-आ’ होता आणि क नंतर जोडला गेला. इतक्या दूरच्या भाषांत एकच विक्षिप्तपणा टिकतो, तेव्हा तो जुनाच असतो, एवढे धरून पुढे जावे.

षष्ठी ‘*-इङ’ किंवा ‘*-निङ’. ‘तुर्क बोदुनिङ इलिन तोरुसिन’, म्हणजे ‘तुर्क जनांचे राज्य आणि रूढी-कायदा’, यात व्यंजनानंतर ‘-इङ’ दिसतो. नंतरच्या उइगुर ग्रंथांत सगळीकडे ‘-निङ’. हा न बहुधा ‘मेनिङ’ (माझा) सारख्या सर्वनामांच्या अंगचा असून चुकीच्या जागी तोडला गेल्यामुळे प्रत्ययात आला. चुवाशच्या षष्ठीत शेवटी ‘न’ आहे, आणि जुना ‘ङ’ तिथे ‘न’ होतो हे ‘बिङ’ (हजार) च्या ‘पिन’वरून ठाऊक आहे, म्हणजे दुजोरा मिळाला. साखा भाषेने ही विभक्ती गमावली, पण तिच्यावाचून तिचे अडलेले नाही. ‘मुलाचे वडील’ म्हणायला ‘मूल वडील-त्याचे’ अशी रचना ती करते.

सप्तमीपाशी मात्र मला बैठक मारावीशी वाटते. प्रत्यय ‘*-दा’. चुवाशमध्ये तो ‘-रा’ झालेला आहे, आणि प्रथम पाहणाऱ्याला हा वेगळाच प्रत्यय वाटतो. ‘पाय’ हा शब्द पाहा: ओर्खोनच्या काळी ‘अदाक़’, ख़लजमध्ये ‘हदाक़’, तुर्कीत ‘अयाक’, खाकासमध्ये ‘अज़ाख’, साखात ‘अताख’ आणि चुवाशमध्ये ‘उरा’. एकाच द चे य, ज़, त, र असे चार अवतार झाले. चुवाशमध्ये स्वरानंतरचा द ‘र’ होतो, तेव्हा ‘-दा’चा ‘-रा’ होणे नियमातच बसते: ‘हुला’ म्हणजे शहर, ‘हुलारा’ म्हणजे शहरात. पण ‘किल’ म्हणजे घर, आणि ‘घरी’ म्हणजे ‘किल्ते’. ल, न आणि र यांच्यानंतर चुवाश ‘-रा’ न लावता ‘-ता’ लावते. आता ओर्खोनचा दगड पुन्हा वाचा. त्याच्या आरंभी ‘वर निळे आकाश, खाली तपकिरी धरती घडली तेव्हा’ असे आहे, आणि ‘घडली तेव्हा’साठी ‘क़िलिन्तुक़्दा’, म्हणजे ‘-दा’. पण ‘मानवपुत्रांवर’ यासाठी ‘किशी ओग़्लिन्ता उज़े’ आणि ‘येथे’ यासाठी ‘बुन्ता’, म्हणजे ‘-ता’. तिथेही ल, न, र यांच्यानंतर ‘ता’, इतरत्र ‘दा’. मंगोलियातील 732 सालचा दगड आणि व्होल्गाकाठच्या आजच्या गावातली बोली यांच्यामध्ये काही हजार किलोमीटर आणि तेराशे वर्षे आहेत, शिवाय दोन्ही दोन वेगळ्या शाखांतल्या. तरी प्रत्यय कुठे घट्ट उच्चारायचा आणि कुठे सैल, याचा नियम एकच. मूळ द बहुतेक ठिकाणी जिभेच्या टोकाने हवा सोडत, सैल उच्चारला जात असावा आणि त्या तीन व्यंजनांनंतर मात्र घट्ट बंद होत असावा. प्रत्ययाबरोबर त्याचे वागणेही पुनर्रचित करता यावे, असे फार क्वचित घडते.

या ‘*-दा’चा अर्थही ‘-त’ एवढाच नव्हता. तोन्युक़ुक़च्या लेखात ‘तब्ग़ाच्दा अद्रिल्ती’ असे आहे, म्हणजे ‘(तुर्क जन) चीनपासून वेगळे झाले’. येथे आपण पंचमी वापरू. लेखात तोच ‘-दा’ आहे. ‘मध्ये’ आणि ‘पासून’ ही दोन्ही कामे एकच प्रत्यय करत होता. मग त्याच्या वंशजांनी ती वाटून घेतली. तुर्कीने ‘मध्ये’ ठेवले. ख़लजने ‘पासून’ ठेवले आणि ‘मध्ये’साठी दुसराच प्रत्यय, ‘-चा’, कामाला लावला. साखाने ‘पासून’चा अर्थ ‘पैकी थोडे’ असा घसरू दिला. तिथे ‘ऊता अग़ाल’ म्हणजे ‘थोडे पाणी आण’, सगळे नव्हे.

आणि म्हणून पंचमी. ओर्खोनमध्ये ती वेगळी नाही. उइगुर ग्रंथांत ‘-दिन’, ओग़ुज़ भाषांत (तुर्की, तुर्कमेन यांचा गट; वरच्या ओग़ुरशी गल्लत नको) ‘-दान’, चुवाशमध्ये ‘-रान’. स्वर जुळत नाहीत. तोन्युक़ुक़च्या लेखात ‘-दिन’ भेटतो, पण तो दिशांच्या शब्दांत: चिन्यांनी ‘दक्षिणेच्या अंगाने’, खितानांनी ‘पूर्वेच्या अंगाने’ हल्ला करावा असा तो बेत आहे, आणि ‘उत्तरेच्या अंगाने’ म्हणताना तर ‘यिर्दिन्ता’ असे, ‘-दिन’वर पुन्हा ‘-ता’ चढवलेले रूप येते. ज्याच्यावर दुसरी विभक्ती चढते, तो प्रत्यय अजून पुरता विभक्ती झालेला नसतो. ‘घरात’वर ‘ऊन’ चढवून ‘घरातून’ करणाऱ्या मराठीला ही घडण कळायला वेळ लागू नये. चुवाशचा ‘-रान’ पाहून ‘*-दान’ मूळ भाषेत होता असे मानणारे आहेत. मला वाटते की ‘-दा’ला ‘न’ जोडण्याची कल्पना एकाहून अधिक ठिकाणी सुचू शकते. माझ्या वहीतली ती ठळक ओळ मी कंसात टाकली आहे.

उरलेल्या ओळी विभक्ती आणि क्रियाविशेषण यांच्या सीमेवर राहतात. तृतीयेचा ‘*-न’ बिल्गे क़ग़ानच्या लेखात ‘कोज़िन कोर्मेदुक, क़ुल्क़ाक़िन एशिद्मेदुक’ या जोडीत आहे, म्हणजे शब्दशः ‘डोळ्यांनी न पाहिलेले, कानांनी न ऐकलेले’. मराठीत एक शब्दही हलवावा लागत नाही. तुर्कीत तो ‘याज़िन’ (उन्हाळ्यात), ‘किशिन’ (हिवाळ्यात) अशा मोजक्या शब्दांत गोठून राहिला आणि जिवंत तृतीया शब्दयोगी अव्ययांनी बळकावली. दिशादर्शक ‘*-ग़ारु’ स्तंभावर ‘इल्गेरु’ (पुढे, पूर्वेकडे), ‘क़ुरिग़ारु’ (पश्चिमेकडे), ‘बिर्गेरु’ (दक्षिणेकडे), ‘यिर्ग़ारु’ (उत्तरेकडे) असा चारी दिशांना पसरलेला आहे; आज तुर्कीतल्या ‘इलेरी’, ‘इचेरी’ (आत), ‘दिशारी’ (बाहेर) यांच्या शेपटाशी तो ओळखू येतो. सादृश्याचा ‘*-चा’ तर ‘क़ानिङ सुब्चा युगुर्ती, सोङुकुङ ताग़्चा यात्दी’ या वाक्यामुळे विसरता येत नाही: ‘तुझे रक्त पाण्यासारखे वाहिले, तुझी हाडे डोंगरासारखी पडली.’ ‘तुर्कचे’, म्हणजे तुर्कांच्या रीतीने आणि म्हणून तुर्की भाषा, यातला ‘-चे’ तोच.

तक्त्यात न मावणारी पण माझ्या मते त्याहून मोलाची एक गोष्ट आहे. तृतीय पुरुषाचा ‘त्याचा’ हा प्रत्यय लागल्यावर विभक्तीच्या आधी एक ‘न’ डोकावतो. तुर्कीत ‘त्याच्या घरात’ म्हणजे ‘एव-इ-न-दे’. कझाकमध्येही ‘उयिन्दे’. उझबेकमध्ये ‘उयिदा’, न नाही. फक्त या तिघींकडे पाहिले तर न मुळात होता की नंतर घुसला, हे ठरवता येत नाही. पण ओर्खोनमध्ये ‘ओग़्लिन्ता’ आहे, आणि चुवाशमध्ये ‘त्याच्या घरात’ म्हणजे ‘किलिन्चे’, येथेही न हजर. दोन्ही शाखांत असलेला न मूळचा; उझबेकने तो सोडला. तसा तो निरुपयोगीच आहे, त्याला स्वतःचा काही अर्थ नाही. अर्थ नसलेली वस्तू कोणी उसनी घेत नाही आणि दोघांना स्वतंत्रपणे सुचतही नाही, म्हणून नात्याचा पुरावा म्हणून ती सर्वांत खात्रीची. आपल्याकडे ‘मी’ आणि ‘मला’, ‘माझा’ यांतला बेबनाव जसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला जातो, तसा.

अनेकवचनाबद्दल तिने विचारले नव्हते, पण तक्त्याच्या उजव्या बाजूला ‘*-लार’चा दुसरा रकाना असेल तर तो झाकूनच ठेवावा. चुवाशचे अनेकवचन ‘-सेम’ आहे, त्याचा ‘-लार’शी संबंध नाही. ओर्खोनमध्येही ‘-लार’ क्वचित आणि बहुधा माणसांनाच लागतो. ‘बेग्लेर’ म्हणजे सरदार मंडळी. त्याखेरीज ‘ओग़ुल’चे (पुत्र) ‘ओग़्लान’, ‘तेगिन’चे (राजपुत्र) ‘तेगित’ अशी जुनी, विखुरलेली अनेकवचने दिसतात. ‘ओग़्लान’ तर तुर्कीत आता ‘मुलगा’ असा एकवचनीच झाला आहे. मूळ भाषेत नामाला वचन दाखवण्याची सक्ती नव्हती, एक घोडा आणि शंभर घोडे दोन्ही *अत्, असे मानणे मला जास्त पटते.

तेव्हा तुमच्या तक्त्यात शून्य प्रथमा, ‘*-का’, ‘*-दा’, षष्ठीचा ‘*-इङ’ आणि तो अर्थहीन ‘न’ यांच्याखाली जाड रेघ ओढा. ‘*-ग़’, ‘*-न’, ‘*-चा’ आणि ‘*-ग़ारु’ यांच्याखाली बारीक. ‘*-दान’ आणि ‘*-लार’ यांच्या ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह घाला, आणि सप्तमीच्या ओळीत ‘ल, न, र नंतर -ता’ असे कोपऱ्यात लिहून ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत ते सुटलेले असते.